स्पीकर नसलेला आवाज : मुलांना सिंफनी ऐकायला नेताना

"रविवारी मुलांना घेऊन ऑर्केस्ट्राला चाललोय," असं शेजारच्या काकूंना सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "कुणाची गाणी आहेत? आशाताईंची का?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मांडवासमोर किंवा कॉलनीच्या मैदानात होणारा सिनेगीतांचा कार्यक्रम. निवेदक, दोन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर.

मी म्हणत होते तो ऑर्केस्ट्रा वेगळा. स्टेजवर साठापासून शंभरापर्यंत वादक, बहुतेक वेळा गायक नाहीच, आणि माईकही नाही. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालीव यांनी 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू केला. त्याचे मोसम जाहीर झाले की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच : मुलांना न्यावं का? आम्हालाच त्यातलं काही कळत नाही, त्यांना काय सांगणार?

न्यावं, असं मला मनापासून वाटतं. आणि आधी सगळं कळायला हवं असंही नाही. चार गोष्टी माहीत असल्या तरी पुरतं. त्या चार गोष्टी इथे सांगते.

माईक का नाही?

आपल्या मुलांनी आजवर ऐकलेल्या संगीताचा हिशेब करून बघा. मोबाईल, टीव्ही, गाडीतला स्टिरिओ, शाळेच्या गॅदरिंगचे स्पीकर, मिरवणुकीतला डीजे. जवळजवळ सगळंच स्पीकरच्या पडद्याच्या थरथरण्यातून आलेलं. आवाज जिथून निघतो ती वस्तू आणि तो काढणारा माणूस, दोघंही एकाच वेळी समोर दिसताहेत, असा अनुभव शहरातल्या मुलाला फार क्वचित मिळतो. देवळातलं भजन, ढोल-ताशाचं पथक, सनई-चौघडा, संपलं.

सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सभागृहात स्पीकरचं काम सभागृहच करतं. देवळाच्या गाभाऱ्यात टाळी वाजवली की ती क्षणभर भिंतींना धरून राहते, तसंच. चांगल्या संगीतगृहात आवाज थांबल्यावर पूर्ण विरायला साधारण दोन सेकंद लागतात. नाटकाच्या थिएटरात इतकं घुमलं तर संवादच कळणार नाहीत, म्हणून तिथे ते कमी ठेवतात. ऑर्केस्ट्राला मात्र ते लागतं. त्या दोन सेकंदांत व्हायोलिनचा स्वर बासरीत मिसळतो, आणि बासरीचा शिंगात.

ऑर्केस्ट्राचं संचालन करणाऱ्या झुबिन मेहतांचा जन्म १९३६ चा, मुंबईचा. वडील मेहली मेहता यांनी मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, घरात सतत तबकड्या वाजायच्या, म्हणजे त्यांचे कान तयार होते. तरी १९५४ साली व्हिएन्नाला गेल्यावर तिथल्या सभागृहात तिथला ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष ऐकला, आणि तो आवाज आपल्याला नवाच होता, असं त्यांनी पुढे वारंवार सांगितलं आहे. ज्याच्या घरातच ऑर्केस्ट्रा होता त्याची ही गोष्ट. तेव्हा 'यूट्यूबवर आहे की' हे उत्तर पुरेसं नाही.

एवढी व्हायोलिनं कशाला?

मुलं स्टेज बघून पहिला प्रश्न हाच विचारतात. मोठ्या ऑर्केस्ट्रात एकट्या व्हायोलिनवाल्यांची संख्या तीस होते. त्यांच्या शेजारी थोडी मोठी व्हायोला, गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो आणि माणसापेक्षा उंच डबल बास. ही सगळी तंतुवाद्यं मिळून साठ माणसं, आणि ट्रम्पेटवाले फक्त दोन किंवा तीन.

ढोल-ताशाच्या पथकाकडे बघा. ढोल चाळीस, ताशे पाच-सहा. तरी ताशाची तडतड सगळ्या ढोलांच्या वर ऐकू येते, कारण त्याचा आवाज मुळातच टोकदार आहे. ट्रम्पेट हा त्या अर्थानं ताशा. एकट्या व्हायोलिनचा त्याच्यापुढे निभाव लागत नाही. आणि गंमत अशी की दोन व्हायोलिनं एकत्र वाजवली म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. आपल्या कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण दहा व्हायोलिनं लागतात. पथकात ढोल वाढवत नेतात, त्याच्यामागेही हेच आहे.

पण नुसता मोठा आवाज हे कारण नाही. वारीत शंभर टाळ एकदम पडतात तेव्हा ते अगदी एकाच क्षणी पडत नाहीत, केसाएवढं मागेपुढे होतं, आणि त्या मागेपुढे होण्यातूनच तो भरलेला, जाड नाद तयार होतो. सोळा व्हायोलिनं एकच सूर धरतात तेव्हा नेमकं तेच घडतं.

बाकीच्या वाद्यांची नावं पाठ करायला लावू नका. नाती सांगा. ओबो म्हणजे आपल्या सनईची लांबची बहीण, दोघींच्याही तोंडाशी दोन पात्यांची पिपाणी असते. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट मुलांनी लग्नाच्या वरातीत ऐकलेलेच असतात. फ्रेंच हॉर्न नावाचं गोल गुंडाळलेलं शिंग असतं, ती नळी सरळ केली तर साडेतीन मीटरच्या पुढे जाते. शिवाय वादक एक हात त्याच्या कर्ण्यात घालून बसतो. हे ऐकल्यावर मूल शिंगवाल्यावरून नजर काढत नाही.

पेटीवर दहा मिनिटं

ऑर्केस्ट्राचं संगीत आपल्या कानाला परकं वाटतं, त्याचं मुख्य कारण एकच, आणि ते घरच्या पेटीवर दाखवता येतं. पेटी नसेल तर मोबाईलवरचा पियानोही चालेल.

पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच अशा तीन पट्ट्या एकदम दाबून धरा आणि भाता मारा. म्हणजे पांढरी एकला सा मानलं तर सा, ग आणि प एकाच वेळी. मुलांना विचारा, कसं वाटतं? आता मधलं बोट तेवढं उचला आणि पांढरी तीनऐवजी काळी दोन दाबा. शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार. बाकी दोन बोटं तिथेच.

माझी भाची तेव्हा सात वर्षांची होती. हे मी तिला करून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "पहिल्यात दिवाळी आहे. दुसऱ्यात पाहुणे गेले." नंतर अर्धा तास ती तीच दोन बोटं आलटून पालटून दाबत होती. पाहुणे आले, पाहुणे गेले.

असे वेगवेगळे स्वर एकाच वेळी वाजवून साधलेल्या मेळाला हार्मनी म्हणतात. आपल्या रागसंगीतात तानपुऱ्याच्या आधारावर एकच सूर वाट काढत जातो, आणि त्या एका वाटेवर काय काय दाखवता येतं यातच गवयाची सगळी करामत असते. ऑर्केस्ट्रात अनेक वाटा एकाच वेळी चालू असतात.

रांगोळीचं बघा. उंबऱ्यापुढे एकटी बाई रांगोळी काढते, हात कुठे वळेल ते ती तिथल्या तिथे ठरवते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी चौकात महारांगोळी काढतात तेव्हा चाळीस जणी वाकलेल्या असतात. कुणी फक्त कड ओढते, कुणी फक्त निळा रंग भरते. जिच्या हातात निळा आहे तिला चित्र दिसत नाही. ते समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून दिसतं. आणि चाळीस जणींनी एकच चित्र काढायचं तर आराखडा आधी कागदावर लागतोच. ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकासमोर स्टँडवर कागद असतात ते म्हणून. त्यांना पाठ नाही म्हणून ते वाचतात असं नाही. प्रत्येकाकडे फक्त आपल्या रंगाचा कागद असतो.

काठी हलवणारा माणूस नक्की करतो काय?

सगळा आराखडा ज्याच्यासमोर उघडा असतो, तो कंडक्टर. एसटीतल्या कंडक्टरशी नाव जुळतं म्हणून मुलं हसतात, हसू द्यावं.

शाळेत लेझीम शिकवणारे सर आठवा. ते स्वतः लेझीम खेळत नाहीत. त्यांची शिट्टी आणि हात नसेल तर मागच्या रांगेतली मुलं पुढच्यांना बघून अर्धा ठेका उशिरा हलतात. स्टेजवरही तेच आहे. डबल बासवाला एका टोकाला, व्हायोलिनवाला दुसऱ्या टोकाला, मध्ये बरंच अंतर. एकमेकांचा आवाज ऐकून वाजवायला गेले तर कायम थोडे मागेच राहतील. म्हणून सगळ्यांनी एका हाताकडे बघायचं.

मुलांना एक गोष्ट बघायला सांगा : हात आधी हलतो, आवाज नंतर येतो. कंडक्टर पुढे काय येणार ते दाखवत असतो. मोठा आवाज यायच्या आधी त्याचे खांदे श्वास घेतल्यासारखे वर जातात. आणि ज्यांना तो आवाज काढायचा आहे ते पितळी वाद्यांवाले त्याच्याबरोबर खरोखरच श्वास घेतात. ही गोष्ट एकदा पकडली की मूल पुढचा तासभर 'आता होणार, आता होणार' करत बसतं. हे सगळं जुळून येण्याआधी काही दिवसांच्या तालमी झालेल्या असतात, हेही सांगून ठेवावं. काठी हलवली आणि झालं, असं नाही.

"पण मुलांना कळेल का?"

या प्रश्नावर मोठमोठ्या संगीतकारांनी काम केलं आहे. १९३६ साली मॉस्कोच्या मुलांच्या नाट्यगृहाच्या संचालिका नतालिया सात्स यांनी सर्गेई प्रोकोफिएव यांना सांगितलं की मुलांना वाद्यांची ओळख होईल असं काहीतरी लिहा. त्यातून पीटर नावाचा मुलगा आणि लांडगा यांची गोष्ट आली. निवेदक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक पात्राला एक वाद्य आहे. पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, कुरकुरणारे आजोबा म्हणजे 'बसून' नावाचं लांब, जाड आवाजाचं वाद्य. लांडगा आला की तीन शिंगं एकदम वाजतात, आणि पीटर चालत येतो तो सगळ्या तंतुवाद्यांवर. सगळी गोष्ट पंचवीस-एक मिनिटांची. प्रयोगाआधी एकेक वाद्य मुलांना दाखवावं आणि त्याची धून वाजवून ऐकवावी, अशी प्रोकोफिएव यांचीच सूचना होती. मराठीत निवेदन करून ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांपुढे व्हायला हवी, असं मला फार वाटतं. निवेदनाला भाषेची अडचणच नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी, म्हणजे दहाच्या पुढच्या, इंग्लंडच्या बेंजामिन ब्रिटन यांची रचना आहे. ती एका शैक्षणिक चित्रपटासाठी झाली होती. त्यांनी सतराव्या शतकातल्या हेन्री पर्सेलची एक धून घेतली, आधी सगळ्यांकडून वाजवून घेतली, मग एकेका वाद्याच्या हातात तेरा वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं दिली. शेवटी सगळी वाद्यं एकामागून एक एकच नवी धून घेऊन आत येतात. वर्गात एका बाकानं 'बे एके बे' सुरू करावं, ते 'बे दुणे चार'वर गेलं की दुसऱ्या बाकानं 'बे एके बे' धरावं, मग तिसऱ्यानं, तसं. गोंधळ व्हायला हवा, पण होत नाही. हा खेळ घरात तिघांनी पाढे म्हणून खेळता येतो. आमच्याकडे तो सतराच्या पाढ्यापर्यंत गेला.

न्यूयॉर्कमध्ये कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ पासून १९७२ पर्यंत मुलांसाठी टीव्हीवर ऑर्केस्ट्राचे त्रेपन्न कार्यक्रम केले. संगीताला अर्थ असतो म्हणजे काय, असल्या प्रश्नांवर ते मुलांशी बोलत, आणि बोलणं झालं की लगेच पूर्ण ऑर्केस्ट्रा ते वाजवून दाखवे. मुलांना कमी कळतं, असं धरून ते कधी बोलले नाहीत.

"यानं बुद्धी वाढते म्हणतात, ते खरं का?"

नाही, निदान जाहिरातीत सांगतात तसं तर नाहीच. १९९३ साली कॅलिफोर्नियात कॉलेजच्या छत्तीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. दहा मिनिटं मोझार्ट या युरोपातल्या संगीतकाराचं संगीत ऐकल्यावर कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कोड्यांत त्यांचे गुण थोडे वाढले, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात लहान मूल एकही नव्हतं. त्यावरून पुढे बाळांसाठी सीडी विकल्या गेल्या, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी १९९८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला अशी सीडी देण्याची योजना मांडली. कृपा करून मुलांना गुणांसाठी नेऊ नका. आंबा चांगला लागतो म्हणून देतो ना आपण?

"आपलं संगीत सोडून हे कशाला?"

हा आक्षेप प्रेमातून येतो, त्याचा मला राग नाही. पण सोडायला कुणी सांगितलंय? व्हायोलिन हे परदेशी वाद्य गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग यांनी मांडी घालून वाजवलं आणि ते रागदारीचं झालं.

शिवाय हा आवाज आपल्या घरात कधीपासूनचा आहे. जुन्या हिंदी गाण्यांत दोन कडव्यांच्या मधे व्हायोलिनांची लाट येते, ती ज्यांनी वाजवली आणि लिहून काढली त्यांच्यात गोव्याहून आलेले वादक फार मोठ्या संख्येनं होते. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वर वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्या शिदोरीवर ते मुंबईत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं, आणि शिष्यानं पुढे १९७७ च्या एका गाण्यात गुरूचं नाव अजरामर केलं. ते गाणं तुमच्या मुलांनाही पाठ असेल. नाव खऱ्या माणसाचं आहे, आणि तो माणूस ऑर्केस्ट्राचा होता, हे त्यांना सांगा.

गोव्यातली ती परंपरा आता सगळ्या घरांपर्यंत पोचावी म्हणून पणजीत 'चाइल्ड्ज प्ले इंडिया फाउंडेशन' २००९ पासून गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन, चेलो, बासरी शिकवतं. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलानं १९७५ पासून हे देशभर केलं. 'श्रीमंतांचा शौक' हे ऑर्केस्ट्राला चिकटलेलं वर्णन मला म्हणूनच बोचतं. तिकिटं महाग असतात हे खरं आहे, आणि मोठ्या संस्थांनी एक तालीम तरी महापालिकेच्या शाळांना खुली ठेवावी, ही मागणी आपण करायला हवी.

प्रत्यक्ष नेताना

तिकीट काढण्याआधी वयाची अट विचारून घ्या. पहिल्या खेपेला शक्यतो तासाभराचा किंवा मुलांसाठीचाच कार्यक्रम निवडा. मोठा असेल तर मध्यंतरात उठून यायचं, असं घरूनच ठरवून निघा. त्यात काही कमीपणा नाही. मूल पोटभर खाऊन आणि दुपारी झोपून आलेलं असू द्या.

पुढच्या रांगेचा हट्ट धरू नका. तिथून मुलांना व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात. बाल्कनी घ्या. ती बहुतेक वेळा स्वस्तही असते, आणि महारांगोळी गॅलरीतूनच दिसते.

आधीच्या आठवड्यात त्या कार्यक्रमातला एखादाच तुकडा, दोन-तीन मिनिटांचा, रोज एकदा घरात लावा. समजावून सांगू नका, पोळ्या लाटताना नुसता वाजू द्या. अनोळखी गावच्या स्टँडवर ओळखीचा चेहरा दिसला की कसं होतं, तसं त्या तुकड्यापाशी मुलांना होतं. माझी भाची त्या क्षणी खुर्चीतून अर्धी उठली होती.

टाळ्यांचं दडपण फार लोकांना असतं. सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, बहुधा चार भागांची असते आणि आजच्या रिवाजानुसार चारही संपल्यावर टाळ्या वाजवतात. कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले आणि तो वळला, की वाजवायच्या. मधेच वाजवली तर? मोझार्टनं १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, सिंफनी चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे आनंदानं कळवलं आहे. तो भाग लोकांना आवडणारच, हे त्याला लिहितानाच ठाऊक होतं. गप्प बसण्याची शिस्त त्याच्या बरीच नंतरची. मैफलीत 'वा' म्हणायची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे ऐकून बरं वाटेल. तरी आजूबाजूच्यांसाठी तेवढं सांभाळावं, आणि मुलानं वाजवलीच तर त्याचा हात धरून खाली ओढू नये.

आणि अर्धा तास आधी पोचा. वादक एकेक करून येत असतात. कुणी व्हायोलिनच्या गजाला राळ घासतो. पितळी वाद्यवाला नळीत साठलेलं पाणी काढून टाकतो, हे मुलांना फारच आवडतं. मागे मोठ्या तांब्याच्या भांड्यांसारखे टिंपनी नावाचे नगारे असतात. त्यांचा वादक कान चामड्याला जवळजवळ टेकवून बोटानं हलकेच टिचकी मारतो, जसा आपला तबलजी हातोडी घेऊन तबल्यावर वाकलेला असतो. मग दिवे मंद होतात. पहिली व्हायोलिनवादक उभी राहते. सनईची ती लांबची बहीण, ओबो, एकटीच एक स्वर धरते. पांढरी सहा. घरी पेटीवर तो आधी दाबून ठेवला असेल तर मूल तुमच्याकडे वळून बघेल. आणि त्या एका स्वराभोवती बाकीची ऐंशी वाद्यं हळूहळू येऊन बसतात.